ट्रेसर चालतोय, पण आकडा चुकतोय: बदलत्या कर्नल-रचनांशी मेमरी ट्रेसिंग कसं जुळवून घ्यायचं

लिनक्स कर्नल अपग्रेड झाला की मेमरीवर नजर ठेवणारा ट्रेसर दोन प्रकारे मोडतो. एकात तो लोडच होत नाही. पडद्यावर चूक दिसते आणि तासाभरात आपण ती दुरुस्त करतो. दुसऱ्यात तो बिनतक्रार लोड होतो, आलेख काढतो, आणि त्या आलेखातला आकडा खोटा असतो. बहुतेक जण पहिली चूक मिटली की काम संपलं असं धरतात. हा लेख दुसऱ्या चुकीसाठी आहे.

फंक्शनं, फील्ड आणि आज्ञांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर मूळ रोमन स्पेलिंगच लागेल.

## सुरुवातीआधी जवळ काय हवं

जुना आणि नवा, दोन्ही कर्नल हाताशी हवेत, शक्यतो व्हर्च्युअल मशीनमध्ये. प्रॉडक्शनच्या मशीनवर हे काम शिकू नका. दोन्हीकडे ‘/सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स’ ही फाइल आहे का ते पाहा. बीटीएफ म्हणजे त्या कर्नलमधल्या सगळ्या स्ट्रक्चरांचा नकाशा: कोणतं फील्ड कोणत्या प्रकारचं आणि कोणत्या ऑफसेटला, म्हणजे स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून किती बाइटांवर. फाइल नसेल तर कर्नल ‘कॉन्फिग_डीबग_इन्फो_बीटीएफ’ चालू न करता बांधला आहे. मग बीटीएफहब या संग्रहात तुमच्या जुन्या कर्नलचा नकाशा मिळतो का ते शोधा.

साधनं तीनच: बीपीएफटूल, पाहोल आणि बीपीएफट्रेस. बीपीएफ म्हणजे चालू कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय; ट्रेसर तिच्यावरच उभा असतो. तुमचा ट्रेसर बीसीसीवर (बीपीएफ ट्रेसर लिहायच्या एका साधनसंचावर) असेल तर चौथी गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे कर्नल हेडर. बीसीसी प्रोग्रॅम त्याच मशीनवर हेडर वापरून कंपाइल करतं. चालू कर्नल एका आवृत्तीचा आणि हेडरचं पॅकेज दुसऱ्या आवृत्तीचं असेल, तर ऑफसेट चुकतात आणि चूक झाल्याचा संदेशही कोणी देत नाही.

तपासणी: ‘युनेम -आर’ जे सांगतो तेच नाव हेडरच्या फोल्डरला आहे का? नसेल तर पुढची एकही पायरी करू नका.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

ट्रेसर उघडण्याआधी कागदावर लिहा: हा आकडा नेमकं काय मोजतो, आणि कोणत्या एककात? ‘मेमरी बघतो’ हे उत्तर नाही. ‘एका प्रोसेसची अनामिक निवासी मेमरी, बाइटमध्ये’ हे उत्तर आहे. ‘पेज कॅशमध्ये दर सेकंदाला नव्याने आलेली पानं’ हेही आहे. अनामिक म्हणजे कोणत्याही फाइलशी न जोडलेली, निवासी म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली, पान म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, आणि पेज कॅश म्हणजे फाइलींच्या मजकुराची रॅममधली प्रत.

हे वाक्य नसेल तर आठव्या पायरीवर तुम्ही अडकाल. तिथे ठरवायचं असतं की फील्डचं नाव तेच राहिलं तरी अर्थ तोच राहिला का. मूळ अर्थ लिहिलेला नसेल तर तुलना कशाशी करणार?

## २. ट्रेसर कशाकशाला हात लावतो त्याची यादी

कोड वाचत चार रकाने भरा: जोडलेली फंक्शनं, जोडलेले ट्रेसपॉइंट (कर्नलच्या कोडात आधीच ठेवलेल्या निरीक्षणाच्या जागा), वाचलेली फील्डं, आणि गृहीत धरलेले स्थिरांक. चौथा रकाना लोक विसरतात, आणि नेमकं तिथेच दुखतं. पानाचा आकार ४०९६ बाइट धरलेला असतो, पण आर्म६४ वर तो १६ किंवा ६४ केबीही असू शकतो. जीएफपी ध्वजांचे (कर्नलकडे मेमरी कशी मागायची ते सांगणाऱ्या खुणांचे) बिट कोडात हेक्स आकड्यांनी लिहिलेले असतात आणि ते बिट आवृत्तीनुसार सरकतात. ‘मॅक्स_ऑर्डर’ तर खास लक्ष देण्यासारखा आहे. ऑर्डर म्हणजे एकत्र दिलेल्या पानांची संख्या दोनाचा कितवा घात आहे ते. ६.४ च्या आधी त्याचा अर्थ ‘सर्वांत मोठ्या ऑर्डरपेक्षा एक जास्त’ असा होता. ६.४ पासून ‘सर्वांत मोठी ऑर्डर’ असा झाला, आणि ६.८ मध्ये नावच ‘मॅक्स_पेज_ऑर्डर’ झालं. या स्थिरांकावरून हिस्टोग्रामची लांबी ठरवली असेल तर सर्वांत मोठ्या तुकड्यांचा रकाना गळून पडतो.

## ३. दोन नकाशांमधला फरक काढा

दोन्ही कर्नलवर बीपीएफटूलने बीटीएफ सी भाषेच्या रूपात उतरवून घ्या. पूर्ण फाइलींची तुलना करायला जाऊ नका, हजारो ओळींच्या फरकात हरवून जाल. यादीतल्या प्रत्येक स्ट्रक्चरसाठी ‘पाहोल -सी’ चालवा आणि तेवढेच दोन उतारे शेजारी ठेवा.

मेमरीच्या भागातले जे बदल बहुतेक ट्रेसरांना भोवतात ते आधीच माहीत असलेले बरे:

- ५.८ (२०२०): ‘एमएमॅप_सेम’चं (प्रोसेसच्या मेमरी-नकाशावरच्या कुलपाचं) नाव ‘एमएमॅप_लॉक’ झालं.
- ५.१६ (जानेवारी २०२२): फोलिओ आला, म्हणजे एक किंवा अनेक पानांचा एकत्र हाताळला जाणारा गट. ‘पेज’ घेणारी फंक्शनं टप्प्याटप्प्याने ‘फोलिओ’ घेऊ लागली.
- ५.१७: ‘स्लॅब’ हे स्ट्रक्चर ‘पेज’मधून वेगळं निघालं.
- ६.१ (डिसेंबर २०२२): मेपल ट्री आली, म्हणजे व्हीएमए (प्रोसेसच्या पत्त्यांचे सलग पट्टे) साठवायची नवी रचना. व्हीएमएची जोडसाखळी आणि लाल-काळं झाड दोन्ही गेली. ‘केमॅलॉक_नोड’ आणि ‘केमेम_कॅश_ॲलॉक_नोड’ हे ट्रेसपॉइंट त्यांच्या साध्या भावंडांत विलीन झाले.
- ६.२ (फेब्रुवारी २०२३): ‘आरएसएस_स्टॅट’ (निवासी मेमरीचा, म्हणजे आरएसएसचा, काउंटर) प्रति-सीपीयू मोजणीवर गेला.
- ६.४ (जून २०२३): पेज फॉल्टसाठी (मागितलेलं पान जागेवर नसल्याने कर्नलला ते पुरवावं लागतं त्यासाठी) प्रत्येक व्हीएमएचं स्वतंत्र कुलूप आलं.

सावधान: आवृत्तीच्या क्रमांकावरून निर्णय घेऊ नका. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चा कर्नल ५.१४ या नावाने येतो, पण त्यात नंतरच्या आवृत्त्यांतले पुष्कळ बदल मागे आणून बसवलेले असतात. ‘आवृत्ती ६.२ पेक्षा मोठी असेल तर’ अशी अट तुमच्या लॅपटॉपवर बरोबर आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर चूक ठरते. वरच्या यादीतले क्रमांक कुठे शोधायचं ते सांगतात. कोडातली अट नेहमी रचनेवर हवी.

## ४. जमेल तितका वरचा स्रोत निवडा

फील्ड दुरुस्त करायला घेण्याआधी विचारा: ते वाचायची गरजच आहे का? माझा क्रम ठरलेला आहे. आधी ‘/प्रॉक’ आणि सीग्रुपच्या फाइली, मग ट्रेसपॉइंट, मग बीपीएफचे हेल्पर आणि इटरेटर (कर्नलने बीपीएफ प्रोग्रॅमला दिलेली तयार फंक्शनं आणि याद्या चालायची सोय), मग एफएन्ट्री (बीटीएफच्या आधाराने फंक्शनच्या सुरुवातीला जोडणं), आणि अगदी शेवटी केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवर नावाने लावलेला प्रोब) लावून आतलं स्ट्रक्चर वाचणं. दर दहा सेकंदांनी प्रोसेसची निवासी मेमरी हवी असेल तर बीपीएफ लागतच नाही, ‘/प्रॉक’मधली ‘स्टेटस’ फाइल वाचा. किती ट्रेसर केवळ हौसेपोटी खालच्या पायरीवर उतरलेले असतात, आणि दर अपग्रेडला त्याची किंमत मोजतात!

ट्रेसपॉइंट वापरतानाही एक भेद कळायला हवा. ‘केमेम’ गटातल्या ‘आरएसएस_स्टॅट’ ट्रेसपॉइंटची फॉरमॅट फाइल उघडली की चार फील्डं दिसतात: एमएम_आयडी, कर, मेंबर, साइझ. ती टिकून आहेत. पण तोच ट्रेसपॉइंट ‘रॉ’ पद्धतीने जोडला तर तुम्हाला ही फील्डं मिळत नाहीत, मिळतात ती फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंटं. ती ६.२ मध्ये बदलली, तिसरं आर्ग्युमेंट उडालं. वेगासाठी रॉ घेत असाल तर आर्ग्युमेंटांची यादी दुसऱ्या पायरीच्या तक्त्यात जोडा.

याच ट्रेसपॉइंटवर आणखी एक चूक वारंवार होते. घटना आली की लोक ती चालू प्रोसेसच्या नावावर टाकतात. ‘कर’ शून्य असेल तर बदललेली मेमरी दुसऱ्याच कोणाची आहे. केस्वॅपडी (मेमरी कमी पडली की पानं मोकळी करणारी कर्नलची प्रोसेस) पानं काढून घेत असताना मेमरी तुमच्या डेटाबेसची कमी होते, पण चालू प्रोसेस केस्वॅपडी असते. एमएम_आयडी हा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) नाही, हे लक्षात ठेवूनच जोडणी करा.

## ५. अट फील्डवर लावा: ‘आरएसएस_स्टॅट’चं पूर्ण उदाहरण

आतलं स्ट्रक्चर वाचायचंच असेल तर सीओ-आरई पद्धत घ्या, म्हणजे एकदा कंपाइल केलेला प्रोग्रॅम लोड होताना त्या त्या कर्नलच्या बीटीएफनुसार ऑफसेट जुळवून घेतो. पण ऑफसेट जुळवणं वेगळं आणि रचना जुळवणं वेगळं. दुसरं काम तुमचं आहे.

६.१ पर्यंत ‘एमएम_स्ट्रक्ट’मध्ये ‘आरएसएस_स्टॅट’ हे एक स्ट्रक्चर होतं आणि त्याच्या पोटात ‘काउंट’ नावाचा ॲरे: फाइलची पानं, अनामिक पानं, स्वॅप नोंदी, शेअर्ड पानं. ६.२ पासून ‘आरएसएस_स्टॅट’ स्वतःच ॲरे झाला आणि त्याचा प्रत्येक घटक एक ‘परसीपीयू_काउंटर’. म्हणजे आधी ॲरे आत होता, आता बाहेर आला. जुन्या ऑफसेटने नवं वाचलं तर काउंटरच्या कुलपाचे बाइट हातात येतात आणि ते ‘मेमरी’ म्हणून आलेखावर जातात.

क्रम असा:

पहिलं: जुन्या रचनेची छोटी प्रत स्वतःच्या कोडात जाहीर करा. नाव ‘एमएम_स्ट्रक्ट’, पुढे तीन अंडरस्कोर आणि एखादी खूण, जसं ‘एमएम_स्ट्रक्ट___ओल्ड’. लिबबीपीएफ (बीपीएफ प्रोग्रॅम लोड करणारी लायब्ररी) तीन अंडरस्कोरपासून पुढचं सोडून देतं आणि खऱ्या ‘एमएम_स्ट्रक्ट’शी तुलना करतं. आत फक्त लागणारं फील्ड लिहा, सगळं स्ट्रक्चर उतरवू नका.

दुसरं: त्या प्रतीला ‘प्रिझर्व्ह_ॲक्सेस_इंडेक्स’ हे ॲट्रिब्यूट लावा. ‘बीपीएफ_कोअर_रीड’ मॅक्रो वापरलात तर ते नसूनही निभावतं, पण थेट पॉइंटरने किंवा साध्या प्रोब-रीडने वाचत असाल आणि ॲट्रिब्यूट राहिलं, तर कंपायलर तुमच्या त्या छोट्या प्रतीतलाच ऑफसेट पक्का करून टाकतो. प्रोग्रॅम लोड होतो आणि भलत्याच जागेचं वाचतो.

तिसरं: ‘बीपीएफ_कोअर_फील्ड_एक्झिस्ट्स’ने जुन्या प्रतीतलं ‘आरएसएस_स्टॅट’च्या आतलं ‘काउंट’ आहे का ते विचारा. असेल तर जुन्या वाटेने वाचा, नसेल तर नव्या. नुसतं ‘आरएसएस_स्टॅट’ आहे का असं स्ट्रक्चर-ॲरेचा भेद न पाहता विचारणं भाबडेपणाचं आहे, कारण ते नाव दोन्हीकडे आहे.

चौथं: ही तपासणी थेट ‘इफ’मध्येच लिहा. लोड होताना तिचं उत्तर स्थिर आकडा बनतं, आणि व्हेरिफायर (प्रोग्रॅम सुरक्षित आहे का ते लोड होताना तपासणारा कर्नलचा भाग) न लागणारी शाखा मृत समजून सोडतो. उत्तर आधी मॅपमध्ये किंवा साध्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवून नंतर तपासलंत तर दोन्ही शाखा जिवंत राहतात, आणि ज्या शाखेचं फील्ड या कर्नलवर नाही ती प्रोग्रॅम पाडते.

तेव्हा दिसणारा संदेश ओळखून ठेवा: ‘इनव्हॅलिड फंक अननोन#१९५८९६०८०’. हा कोणत्याही हेल्परचा क्रमांक नाही. न जुळलेल्या फील्डच्या जागी लिबबीपीएफने मुद्दाम ठेवलेली ही विषारी खूण आहे. नवी लिबबीपीएफ तिथे स्पष्टपणे अवैध सीओ-आरई रीलोकेशन असं सांगते, जुनी फक्त हा आकडा दाखवते आणि लोक हेल्परच्या यादीत तो शोधत दिवस घालवतात.

तपासणी: लिबबीपीएफचा डीबग लॉग चालू करून एकदा लोड करा. वाचलेल्या प्रत्येक फील्डसाठी रीलोकेशनची (ऑफसेट जुळवल्याची) ओळ दिसलीच पाहिजे. जिच्यासाठी ओळ नाही, ते फील्ड कोडात पक्क्या ऑफसेटने गेलं आहे.

## ६. व्हीएमएची साखळी: दुरुस्त करू नका, काढून टाका

जुने ट्रेसर ‘एमएम’मधल्या पहिल्या व्हीएमएपासून ‘व्हीएम_नेक्स्ट’ धरत चालायचे. ६.१ पासून ‘व्हीएम_नेक्स्ट’ उरलेलंच नाही. इथे बरेच जण बीपीएफमध्ये मेपल ट्री स्वतः उलगडायला बसतात. तो नाद सोडा. तिच्या नोड-पॉइंटरच्या खालच्या बिटांत नोडचा प्रकार लपलेला असतो, आणि ती आतली बाब पुन्हा बदलायला कर्नल मोकळा आहे.

एका पत्त्याचा व्हीएमए हवा असेल तर ‘बीपीएफ_फाइंड_व्हीएमए’ हेल्पर ५.१७ पासून आहे. सगळे व्हीएमए हवे असतील तर ‘टास्क_व्हीएमए’ इटरेटर ५.१२ पासून आहे. दोन्ही आतल्या रचनेपासून तुम्हाला लांब ठेवतात. त्याहून जुन्या कर्नलसाठीच साखळीची वाट ठेवा, तीही पाचव्या पायरीसारख्या अटीमागे.

सावधान: प्रोब-रीड चुकीच्या पत्त्यावर गेलं तर कर्नल कोसळत नाही. ते त्रुटीचा कोड देतं आणि तुमच्या बफरमध्ये शून्य भरतं. ‘बीपीएफ_कोअर_रीड’ची सोयीची मॅक्रो तो कोड गिळून फक्त शून्य हाती देते. ‘या प्रोसेसला एकही व्हीएमए नाही’ असं ट्रेसर सांगत असेल तर ते शून्य खरं की वाचन फसल्याचं, हे कळलंच पाहिजे. निदान एका ठिकाणी परतीचा कोड तपासा आणि फसलेल्या वाचनांचा वेगळा काउंटर ठेवा.

## ७. फंक्शन सापडलं, पण कोणी बोलावतं का?

केप्रोब लावताना ‘नाव कॅलसिम्समध्ये (कर्नलमधल्या नावांच्या यादीत) आहे ना, झालं तर’ एवढ्यावर थांबू नका.

पेज कॅशचा हिट-मिस मोजणाऱ्या ट्रेसरांचं उदाहरण घ्या. ते ‘मार्क_पेज_ॲक्सेस्ड’ आणि ‘ॲड_टू_पेज_कॅश_एलआरयू’ला जोडलेले असायचे. फोलिओ आल्यावर खरं काम ‘फोलिओ_मार्क_ॲक्सेस्ड’ आणि ‘फाइलमॅप_ॲड_फोलिओ’कडे गेलं. जुनी नावं मात्र काही काळ सुसंगतीसाठी पातळ आवरण म्हणून राहिली. प्रोब लागतो, चूक येत नाही, पण कर्नलमधले बहुतेक कॉल आता आवरणातून जातच नाहीत. आकडा कमी येतो, शून्यही येत नाही, म्हणून संशय येत नाही. मी पाहिलेल्या एका सेवेत हा कमी झालेला आकडा ‘कॅशचा वापर सुधारला’ म्हणून आठवड्याच्या अहवालात जात होता.

म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवा: आधी नवं नाव शोधा, ते नसेल तरच जुन्याला जोडा. ‘जुनं नाव आहे का? असेल तर तेच’ असा कोड असेल तर तो याच खड्ड्यात पडतो.

नावाच्या शेवटी ‘.इस्रा.०’ किंवा ‘.पार्ट.०’ दिसलं तर कंपायलरने फंक्शनची चिरफाड केली आहे. आर्ग्युमेंटांची जागा बदललेली असू शकते, किंवा फंक्शनचा अर्धाच भाग तिथे असतो. अशा नावाला जोडण्यापेक्षा जवळचा ट्रेसपॉइंट शोधा.

आर्ग्युमेंटाचा प्रकार बदलला तरी केप्रोबला ते कळत नाही. त्यात ‘फोलिओ’ची मेमरीतली मांडणी ‘पेज’वरच बसवलेली असल्यामुळे ‘फ्लॅग्ज’ जुन्या पद्धतीनेही बरोबर वाचले जातात आणि चूक झाकली जाते. एफएन्ट्रीत आर्ग्युमेंटाला बीटीएफचा प्रकार असतो, त्यामुळे फरक लवकर उघडा पडतो. जमेल तिथे केप्रोब सोडून एफएन्ट्री घ्या.

## ८. अर्थ बदलला का ते तपासा

इथपर्यंत सगळं लोड होतंय. आता पहिल्या पायरीचं वाक्य समोर घ्या.

निवासी मेमरी. परसीपीयू काउंटरचं ‘काउंट’ हा पूर्ण आकडा नाही. प्रत्येक सीपीयू थोडे बदल स्वतःजवळ साठवतो आणि एक मर्यादा गाठली की मुख्य आकड्यात टाकतो. ती मर्यादा ३२ किंवा सीपीयूंच्या दुप्पट, यांतली जी मोठी ती. ८ सीपीयूंच्या मशीनवर साठून राहिलेला फरक फार तर ३२ गुणिले ८, म्हणजे २५६ पानं, ४ केबीच्या पानांनी १ एमबी. ६४ सीपीयूंवर मर्यादा १२८ होते, आणि फरक ८१९२ पानांपर्यंत, म्हणजे ३२ एमबीपर्यंत जाऊ शकतो, तोही प्रत्येक काउंटरमागे. लॅपटॉपवर तपासून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांची फसगत इथे होते. लहान प्रोसेसचा बारीक हिशेब हवा असेल तर सगळ्या सीपीयूंची बेरीज करावी लागेल. जुना आकडाही अगदी काटेकोर नव्हता. तेव्हा प्रत्येक थ्रेड ६४ घटनांपर्यंतचे बदल स्वतःकडे राखून ठेवायचा. म्हणजे चूक तेव्हाही होती, तिचं माप आता वेगळं आहे.

पेज कॅश. पूर्वी एक घटना म्हणजे एक पान होतं. मोठ्या फोलिओंनंतर एक घटना म्हणजे एक पान किंवा शेकडो पानं. एक्सएफएस ५.१८ पासून मोठे फोलिओ वापरतं. १ जीबीची फाइल वाचली तर ४ केबीच्या हिशेबाने २,६२,१४४ पानं यायला हवीत, घटना मात्र त्याच्या लहानशा अंशाइतक्याच दिसतील. ‘एमएम_फाइलमॅप_ॲड_टू_पेज_कॅश’च्या फॉरमॅट फाइलमध्ये ‘ऑर्डर’ फील्ड आहे का पाहा. असेल तर प्रत्येक घटनेला दोनाचा ऑर्डर-घात एवढं वजन द्या.

कुलपासाठीची प्रतीक्षा. ‘एमएमॅप_लॉक’चे ट्रेसपॉइंट ५.११ पासून आहेत. ६.४ नंतर त्यांच्या घटना घटल्या तर प्रोग्रॅम सुधारला असं समजू नका. अनामिक पानांच्या फॉल्टपासून सुरुवात होऊन हे फॉल्ट व्हीएमएच्या स्वतःच्या कुलपाकडे गेले. तुमचा ट्रेसपॉइंट जिथे उभा आहे तो रस्ता ओस पडला, गर्दी शेजारच्या रस्त्याने जाते आहे.

## ९. माहीत असलेल्या आकड्याने परीक्षा घ्या

एक छोटा सी प्रोग्रॅम लिहा: २५६ एमबी अनामिक मेमरी मागा, ‘एमॲडव्हाइज’ने त्या पट्ट्यासाठी मोठी पानं बंद करा, प्रत्येक पानाला एकदा लिहा, आणि झोपा. ४ केबीच्या पानांवर अनामिक निवासी मेमरी ६५,५३६ पानांनी वाढली पाहिजे आणि फॉल्टही जवळपास तितकेच दिसले पाहिजेत. मोठी पानं बंद करायला विसरलात तर निवासी मेमरी तीच येते पण फॉल्ट १२८ पर्यंत खाली येऊ शकतात, आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल.

तुलना ‘स्मॅप्स_रोलअप’शी करा. ती फाइल पेज टेबल चालून मोजते, म्हणून संथ पण भरवशाची. ‘स्टेटस’मधला ‘व्हीएमआरएसएस’ कसोटीला घेऊ नका, त्यात आठव्या पायरीतलीच तफावत असू शकते.

नंतर मेमरी सोडा आणि आकडा खाली येतो का तेही पाहा. वाढ बरोबर मोजणारे पण घट न मोजणारे ट्रेसर पुष्कळ असतात, कारण सोडण्याची वाट वेगळ्या फंक्शनांतून जाते आणि तिथला प्रोब तुटलेला असतो.

तपासणी: फरक सीपीयूंच्या संख्येवरून काढलेल्या मर्यादेच्या आत आहे का? बाहेर असेल तर ‘थोडंफार चालायचंच’ म्हणून सोडू नका. पाचव्या पायरीकडे परत जा.

## १०. हीच परीक्षा प्रत्येक कर्नलवर

नवव्या पायरीचा प्रोग्रॅम व्हर्टमी-एनजीसारख्या साधनाने निरनिराळ्या कर्नलवर आपोआप चालवा. निदान चार हवेत: ५.१५, ६.१, ६.६ हे दीर्घकाळ सांभाळले जाणारे, आणि तुमच्या ग्राहकांच्या वितरणाचा कर्नल. चौथा सोडू नका, मागे आणून बसवलेले बदल तिथेच भेटतात. जमल्यास येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी-प्रतही जोडा, म्हणजे पुढचा बदल ग्राहकाच्या आधी तुम्हाला कळेल.

परीक्षेत ‘लोड झाला’ हा निकाल मानू नका. तीन गोष्टी तपासा: आकडा मर्यादेत आहे, प्रत्येक प्रोबवर निदान एक घटना आली आहे, आणि फसलेल्या वाचनांचा काउंटर शून्य आहे. ट्रेसरने सुरू होताना कोणती वाट निवडली तेही एका ओळीत लिहून ठेवायला लावा: ‘आरएसएस: नवी रचना, पेज कॅश: फोलिओ, व्हीएमए: इटरेटर’. सहा महिन्यांनी कोणी विचित्र आलेख पाठवला की सर्वांत आधी ही ओळ मागवा.